आवाजाच्या दोन अटी

झरी,
रविवार

प्रिय योगीराज,

कागदावर लिहिलेलं पत्र बघून तुला आधी हसू येईल. हसून घे, पुढे हसण्यासारखं फार नाही. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, ईमेललाही आता उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टाची वाट धरली. पाकीट तरी तुला ब्लॉक करता येणार नाही. तुझा शेवटचा निरोप माझ्यापाशी आहे. 'आईचा आवाज काढून टाक. सगळीकडून. नाहीतर मला वकील लावावा लागेल.' मामाच्या पोरीला वकील लावणारा आपल्या खानदानातला तू पहिलाच. पण तुझा राग खरा आहे हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय, आणि तू म्हणालास तसंच मी करत आलेय. रोज संध्याकाळी सेवा केंद्राचं शटर ओढते, स्कूटी काढते, कुठल्या तरी गावाला जाते आणि लोकांच्या फोनमधून आत्याचा आवाज पुसते. असलं काम देवाने वैऱ्यालाही देऊ नये.

तुला फक्त तो बाजारातला व्हिडिओ माहीत आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काहीच माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते, तुला पाठ असलेलंही सांगते. कारण रेकॉर्डिंगच्या त्या आठवड्यातलं तुला जे आठवतं आणि मला जे आठवतं ते एक नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली आहे.

आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, स्वरयंत्रच काढावं लागेल, त्यानंतर बोलणं नाही. तू पुण्याहून माईक घेऊन आलास आणि वालूरच्या घरात, धान्याच्या खोलीत, खाटेभोवती गोधड्या टांगल्यास, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. तरी दारातली ती शेळी ऐन वाक्याच्या मध्येच ओरडायची. मराठीतले सगळे उच्चार येतील अशी वाक्यं तू निवडून आणली होतीस. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाक्य म्हणायचं आणि तिने माझ्यामागून म्हणायचं असं ठरलं. पण आत्या कसली मागून म्हणते! तिला आधी ते वाक्य पटावं लागायचं. 'आज पावसाची शक्यता आहे' म्हटलं की ती उठून दारातून आभाळ बघून यायची आणि मग आपल्या पद्धतीनं सांगायची, 'पाणी यायलंय जणू.' 'दिवा विझला' तिने काही केल्या म्हटलं नाही, 'दिवा मालवला' म्हणाली. 'मीठ संपलं' नाही, 'मीठ वाढलं.' आणि 'मेंढरं मेली' हे वाक्य आलं तेव्हा तर तिने माझ्या हातातला कागदच खाली ठेवायला लावला. उच्चार राहतायत म्हणून तू डोक्याला हात लावून बसलास आणि मी हसून हसून बेजार झाले. आठवड्याभरात जिचा आवाज जाणार होता तिला आपण दोघं बोल, बोल म्हणत होतो, आणि ती अभद्र तेवढं वगळून सगळं बोलत होती.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, ह्या एवढ्या बोलण्याचं तुमी करणार काय? तू समजावून सांगितलंस की नेटवर ठेवणार, ज्याला हवं तो घेईल. त्यावर ती म्हणाली, "घिऊ द्या. पण माझ्या तोंडून कुणाचं वाईट बोलवू नका, आन माझ्या बोलण्याचा पैसा करू नका." ते वाक्य तू घट्ट धरून ठेवलंस. पुढे आवाज नेटवर ठेवताना वापराचं लायसन्स निवडलंस, त्यात तू तेच इंग्रजीत घातलंस, की हा आवाज कुणी बदलायचा नाही आणि कुणी त्यावर पैसे कमवायचे नाहीत. मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं होतं. आईचा शब्द कायद्याच्या भाषेत बसवणारा मुलगा!

पण तू माईक आवरून बाहेर वायर गुंडाळत होतास तेव्हा आत ती मला आणखी एक बोलली. मी तुला ईमेलमध्ये हे लिहिलं होतं आणि तू एका ओळीत उत्तर दिलंस की आई असं काही म्हणालेली नाही. म्हणाली होती, योगीराज. माझ्या गळ्याची शपथ. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "रुपे, वाचता येत न्हाई म्हणून लोकाच्या तोंडाकडं बघण्यात माझा जन्म गेला. माझ्यावाणी कुणी आसल त्याच्या कामाला येऊ दे हे." तुझ्या वाट्याला एक अट आली, माझ्या वाट्याला दुसरी. दोन्ही तिच्याच. तुझी पाळावी तर माझी मोडते, माझी पाळावी तर तुझी मोडते. ह्यातून मार्ग कसा काढायचा ते सांगायला ती राहिली नाही. ऑपरेशननंतर काही महिने ती होती, पण हाताच्या खुणांनी असं काही सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर तुझ्या वडिलांनी, आबासाहेबमामांनी सही केली. तू म्हणत होतास, मुंबईला नेऊ, आणखी एकदा दाखवू. ते म्हणत होते, डॉक्टर सांगतात तेवढा वेळ नाही. तुम्हा बापलेकांत कोण बरोबर होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. दवाखान्याच्या जिन्यात तू त्यांना म्हणालास, तुमच्या सहीनं माझी आई मुकी झाली. तेराव्यानंतर तू वालूरला पाय ठेवला नाहीस, वर्षश्राद्धालाही आला नाहीस. तो विषय मी इथे उकरून काढणार नव्हते. एकदा आलाच आहे तर एवढंच सांगते, की त्यांनी आजवर कुणापाशी तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढलेला नाही.

आता माझ्या उपद्व्यापाबद्दल. झरीच्या सेवा केंद्रात माझ्यासमोर दिवसभर माणसं फोन पुढे करतात. ताई, हे काय आलंय बघा. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे लोक, मजुरीच्या बाया, म्हातारी माणसं. बँकेचा मेसेज, लसीकरणाचा मेसेज, हवामानाचा, रेशनचा, सगळं अक्षरात. सरकारने सगळं फोनवर आणलं, पण वाचायला कुणी माणूस बरोबर दिला नाही. पेडगावची दैवशाला माहीत आहे ना, आपल्या चुलत नात्यातली? तिच्या फोनवर दवाखान्यातून तपासणीचा मेसेज आला. घरात कुणी वाचणारं नव्हतं म्हणून तिने चहाच्या टपरीवर वाचून घेतला. तिच्या गर्भपिशवीचं दुखणं ती घरी पोहोचायच्या आत सगळ्या पेडगावला ठाऊक झालं होतं. ती माझ्यासमोर बसून रडली नाही, नुसती पदराचं टोक पिळत राहिली. त्या दिवशी मी ठरवलं की फोनने त्यांच्या कानात त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं, नेट नसलं तरी.

तयार आवाज होते, नाही असं नाही. पण ती पुण्या-मुंबईची, तोंडात सुपारी धरल्यासारखी मराठी. आमच्या लोकांना त्यातलं निम्मं कळेना आणि उरलेलं खरं वाटेना. आत्याचा आवाज होताच. नुसता आवाज असून भागत नाही, अक्षरं पाहून त्या आवाजात बोलणारा प्रोग्राम लागतो. तो कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं फुकट खपून केलेला आहे, ओपन सोर्स, कुणीही घ्यावा. त्यांचीही अट आहे. आमचं घ्या, बदला, विकलंत तरी आमची हरकत नाही, पण पुढे देताना घेणाऱ्याला हीच सगळी मोकळीक द्या, आपल्या पदरची एकही आडकाठी घालू नका. आणि तुझ्या अटीत नेमक्या दोन आडकाठ्या. दोन्ही जोडून स्वतःच्या फोनवर काय वाट्टेल ते करावं, कुणी विचारत नाही. पण जोडलेलं दुसऱ्याच्या हातात दिलं की एकाची तरी अट मोडलीच.

हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. परभणीला आपण एका बाकावर बसून शिकलो, लायसन्स वाचायची सवय तूच लावलीस. मी त्या प्रोग्रामच्या लोकांना विचारलं. त्यांनी फार चांगलं उत्तर लिहिलं, की तुमचं काम मोलाचं आहे, पण आमच्याकडे शेकडो लोकांनी हात लावलाय, प्रत्येकाची परवानगी काढणं होणार नाही. आवाजाचा मालक एकटा आहे, त्यालाच विचारा. म्हणून मी तुला विचारलं. दोनदा. त्यांच्या बाजूला शेकडो माणसं होती आणि तुझ्या बाजूला एकटा तू, तरी तूच हलला नाहीस. बजरंग, वालूरला बसस्टँडसमोर ज्याचं मोबाईलचं दुकान आहे तो, मला म्हणाला की मुलाला कशाला विचारताय, नवरा बसलाय की जिता, आबासाहेबांची सही घ्या. मी त्याला साफ नाही म्हणाले. तुला वळसा घालून त्यांच्याकडे जायचं नाही, एवढं मी पाळलं.

मग त्या लोकांपैकीच एकाने उपाय सुचवला. प्रोग्राम वेगळा द्या, आवाज वेगळा द्या, ज्याने त्याने आपल्या फोनवर जोडून घ्यावं. वैद्याने दोन पुड्या द्याव्यात आणि घरी जाऊन कालवा म्हणावं, तसं. कायद्याला चालेल असं ते म्हणाले. कायद्याला चाललं असतं रे, आमच्या लोकांना कसं चालावं? ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनी दोन फायली जोडायच्या? झालं काय, की सगळे बजरंगकडे गेले. तो आधी मेमरी कार्डात गाणी आणि सिनेमे भरून द्यायचा, तसंच हेही भरून द्यायला लागला, आणि गाण्याचे घेतो तसे ह्याचेही पैसे घ्यायला लागला. त्याला मी रागावले तर म्हणाला, आवाजाचे न्हाईत ताई, भरायचे हायेत. त्याचंही पोट आहे. पुढे पुढे मीच कंटाळले आणि सरळ एकत्र करून वाटायला लागले. सोबत त्या प्रोग्रामच्या लोकांची अट जशीच्या तशी मराठीत लिहून दिली, कारण ती द्यावीच लागते. घ्या, बदला, वाटा, विका. तुझी अट मी त्यात घातली नाही. दोन्ही घालताच येत नव्हत्या.

खरं सांगू? तेव्हा मला अपराधी वगैरे वाटलं नाही. झरीच्या बाजारात एका म्हातारीने फोन कानाला लावला आणि आत्या तिला सांगायला लागली, 'तुमच्या शेरडांची लस उद्या हाय, ध्यान ठिवा.' म्हातारी फोनला म्हणाली, बरं बाई. मी तिथे उभी राहून रडले. कुठल्या वकिलाने मला तेव्हा अडवलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

आणि मग तो टॉनिकवाला आला. नाव लिहीत नाही, तू पुन्हा वकील काढशील. जनावरांची औषधं विकणारा माणूस, त्याने कुणाकडून तरी प्रोग्राम घेतला, त्यात आपलं लिहिलं आणि आत्याच्या आवाजातली जाहिरात रिक्षावर भोंगा लावून वालूरच्या बाजारात फिरवली. काय बोलायला लावलं तेही तू ऐकलंस. 'दुसऱ्याचं औषध पाजलं, त्याची मेंढरं मेली.' जे वाक्य तिने आपल्या दोघांसमोरही म्हटलं नाही, ते ती मेल्यावर त्याने भोंग्यातून सगळ्या बाजाराला ऐकवलं. तिच्याच गावात, तिला ओळखणाऱ्या माणसांना. कुणीतरी नातेवाइकाने व्हिडिओ काढला आणि नेमका वर्षश्राद्धाच्या दिवशी तुला पाठवला. मी त्या टॉनिकवाल्याकडे गेले, तोंडाला येईल ते बोलले. त्याने शांतपणे आपल्या फोनवर माझंच लिहिलेलं मला दाखवलं. "ताई, तुमीच लिहिलंय की, बदला आन विका. मी चोरी केली का?" त्याने चोरी केली नव्हती. त्याला ती मोकळीक मीच दिली होती. वाटेत स्कूटी थांबवली आणि बांधावर बसून राहिले. तेव्हा मला तुझी अट पहिल्यांदा आतून कळली.

म्हणून तुझा निरोप आल्यावर मी वाद घातला नाही. नेटवरून सगळं त्याच दिवशी काढलं. टॉनिकवाल्याच्या पाया पडून जाहिरात बंद करवली. आणि मग एकेक फोन. मी आवाज काढून त्या जागी माझा आवाज घालायचं ठरवलं होतं. मी पण गोधड्या टांगल्या, मी पण वाक्यं म्हटली. कुणाला आवडला नाही. मेंढरं वळणाऱ्या मुंजाजी मेंढकेंनी ऐकून विचारलं, ही कोन बाई, सरकारी हाय का? शिकून माझी जीभ सरळ झाली आणि कामातून गेली. लोक माझ्या आवाजात ऐकायला तयार होत नाहीत, फोन कानापासून लांब धरतात आणि शेवटी बंद करून टाकतात.

आणि का काढतेय हे प्रत्येकाला सांगावं लागतं. ओपन सोर्स, लायसन्स ह्यातलं काय सांगणार? मी त्यांना सांगते की निम्म्या वाट्यानं दिलेली शेळी होती, तिच्या पिलांत सगळ्यांचा वाटा, आणि देवाला सोडलेला बोकड होता, त्याला कुणी हात लावायचा नाही, विकायचा नाही. ती दोन्ही मी एका दावणीला बांधली. लोकांना हे लगेच कळतं. माना डोलावतात. मुंजाजींनी तर पुढचंही विचारलं. "मग करडू कुणाचं म्हणायचं, पोरी?" त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. दैवशालेने पण दिला. आवाज पुसून होईपर्यंत समोर उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, आता पुन्ना टपरीवरच जायचं का ताई? तिने ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं होतं.

गेल्या पंधरवड्यात काय झालं ते ऐक. वरच्या अंगाला फार पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडलं. दुधना नदीच्या काठच्या सगळ्यांना आदल्या दिवशीच मेसेज गेला होता, मला पण आला होता. मुंजाजींची मेंढरं नदीकाठच्या रानात बसवलेली होती. पाणी आलं तेव्हा मोठी मेंढरं कशीबशी वर काढता आली. कोकरं गेली. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांची सून चिखलात अडकलेली कोकरं एकेक करून बाजूला मांडत होती. मुंजाजींनी मला काहीच दोष दिला नाही. म्हणाले, "मेसेज आलता. फोन थरथरला. मला वाटलं कंपनीचा आसल." एवढंच. त्यांना आत्याने सांगितलं असतं, योगीराज. 'पाणी यायलंय' हे तर तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं वाक्य होतं, ते कापून जोडायचीही गरज नव्हती. ते मी महिन्यापूर्वी माझ्या हाताने त्यांच्या फोनमधून काढलं. तुझी अट पाळायची म्हणून काढलं. मला ह्याचं काय करायचं ते कळत नाही. अन्न गोड लागत नाही. सेवा केंद्रात कुणी फोन पुढे केला की मी मेसेज दोनदोनदा वाचून दाखवते. तुझी अट मोडली तेव्हा आत्याची विटंबना झाली, पाळली तेव्हा कोकरं बुडाली. मी आता कुठे जाऊ? तू मोठा इंजिनीयर, मला सांग की माझ्याकडून कुठे काय वेगळं व्हायला हवं होतं. चिडून विचारत नाही. मला खरंच ठाऊक नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे शेवटी परवानगीच मागतेस. नाही. परवानगी मागायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. तुझ्या मनाविरुद्ध दिलेली परवानगी घेऊन मला आत्याचा आवाज पुन्हा कुणाच्या कानात घालायचा नाही. झरी झाली, पेडगाव झालं, नदीकाठची गावं झाली. फक्त वालूर मी मागे मागे ठेवत होते. बजरंगच्या दुकानातून काढलं, बाजारातल्या माणसांचं काढलं, आणि तुझ्या घराच्या गल्लीत न शिरता परत आले. असं दोनदा केलं. ह्या गुरुवारी मात्र गेले.

तुला कुणी कळवलेलं नसेल. आबासाहेबमामांना आता दिसत नाही. काचबिंदू होता, कुणाला सांगितलं नाही, अंगावर काढला. दोन्ही डोळे गेले. ओसरीवर खाटेवर बसले होते, पावलांवरून मला ओळखलं. बजरंगने त्यांचा फोन पहिल्यापासून भरून दिला होता, मला न विचारता. मी बसले तेवढ्यात फोन बोलला, 'अकरा वाजले.' आत्याच्या आवाजात. आणि मामा म्हणाले, "व्हय." सवयीने, बायकोला म्हणतात तसं. शेजारची बाई म्हणाली, दिवसभर असंच चालतं. सकाळी ती सहा वाजले म्हणते आणि हे 'उठलो' म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं, तू काय कळवलंयस तेही. त्यांनी एवढंच विचारलं, योगी सोता बोलला का? मी हो म्हटलं तर चेहरा उजळला रे त्यांचा, जरासा. वर्षभरात तुझ्याकडून घराबद्दल आलेला पहिला शब्द तो, आणि तोही असा. त्यांनी आपणहून फोन माझ्यापुढे धरला. मी हातात घेतला. माझ्याने होईना. मी तो परत त्यांच्या मांडीवर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "एकदा माझ्या सहीनं तिचा आवाज गेला. आता पुन्ना जायचा आसल तर त्याच्या हातानं जाऊ दे. त्याला म्हणाव, ये आन काढ." म्हणून हे पत्र. बाकी सगळे फोन मुके झालेत. हा एक राहिलाय, आणि तो मी काढणार नाही. वकील पाठव, पोलीस पाठव, काढणार नाही. तू ये. आदल्या रात्री मुक्कामाला ये, त्यांच्याजवळ ओसरीवर नीज, आणि सकाळी ती सहा वाजले म्हणेल तेव्हा जागा राहून दोघांचंही ऐक. त्यानंतर फोन घे त्यांच्या हातातून. ते अडवणार नाहीत.

तुझी वाट बघणारी, तुझीच मामेबहीण,
रुपाली